पाण्याचा पंप काढला आहे

गाडीचा वॉटर पंप बदलणं हे काही फार मोठं काम नाही. सात बोल्ट काढायचे, जुना पंप बाहेर, नवा आत, सात बोल्ट पुन्हा लावायचे. जो माणूस गेली सव्वीस वर्षं पुलांचे आणि जलवाहिन्यांचे नकाशे काढतोय, ज्याची रेष केसभर इकडची तिकडे होत नाही, त्याला सात बोल्टांची काय मातब्बरी! शुक्रवारी संध्याकाळी मी बायकोला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की आईंना आणखी दोन दिवस ठेवून घ्याल का म्हणून हॉस्पिटलला आत्ताच विचारून ठेवू का?

मी अर्थातच नको म्हणालो.

आईचा प्रश्न खरोखरचा होता. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी दुपारी चारला तिला घरी सोडणार होते. पाय सरळ ठेवूनच बसायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. आता हल्लीच्या गाड्यांमध्ये पाय सरळ ठेवायला तो डॅशबोर्डच्या पलीकडेच काढावा लागेल. आमची गाडी मात्र चोवीस वर्षांची. तिची पुढची सीट सरकवली की पार मागच्या सीटला जाऊन टेकते. माणूस खाटेवर पडल्यासारखा पाय लांब करतो. शिवाय आईने जाहीर केलं होतं, की येईन तर आपल्याच गाडीतून, रुग्णवाहिकेत मी एकदाच झोपले आणि तेवढं पुरे झालं.

आणि नेमकी गुरुवारी गाडी सिग्नलला तापली. काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि मागच्या रिक्षावाल्याने कुतूहलाने खाली उतरून पाहिलं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पंपाची पुली दोन बोटांत धरून हलवली. ती पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी डुगडुगली. पंप गेला, मंगळवारी आणा, तोवर गाडी चालवू नका, असं सांगून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. शनिवारी जमणार नाही का, हे मी त्याच्या बुटांना विचारलं. बूट नाही म्हणाले.

तेव्हा मी नवा पंप विकत आणला आणि मेहुण्याला फोन लावला. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, परगावी बसच्या वर्कशॉपमध्ये आहे. तो म्हणाला, भावोजी, माझ्यासारख्याला तीन तास, तुम्हाला सात धरा. मी मनातल्या मनात चार धरले.

शनिवारी सकाळी बायको आवरून हॉस्पिटलला आईजवळ गेली. मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. आमच्या इमारतीत बावीस घरं आहेत आणि त्या बावीस घरांच्या सोसायटीचा मी सचिव आहे. त्यामुळे कर्तव्य म्हणून इमारतीच्या ग्रुपवर एक संदेश टाकला, की आज मागच्या बाजूला माझी गाडी असेल, कपडे कृपया गच्चीवर वाळत घालावेत. मग बाह्या सरसावल्या.

आणि सांगायला अभिमान वाटतो, काम झकास चाललं होतं! रेडिएटरखाली बायकोचा कपडे भिजवायचा मोठा टब ठेवला, खालची तोटी सोडली, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, टबात घेतलं. पट्टा सैल करून काढला. पंखा काढला. नळ्या सोडवल्या. पंपाचे सात बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते जागच्या जागी जायला हवेत, म्हणून मी एका पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढली आणि निघेल तो बोल्ट आकृतीत त्याच्या जागी खोचत गेलो. ती आकृती इतकी सुबक झाली होती की खाली सही करायचा मोह झाला. सव्वादहाला पंप माझ्या हातात होता. लहानसा, गंजलेला, जड.

हा आनंद कुणाला तरी सांगायला हवा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. डाव्या हाताची करंगळी तेवढी स्वच्छ होती. त्या करंगळीने मी मेहुण्याला लिहिलं:

"पाण्याचा पंप काढला. टबभर हिरवं पाणी निघालं, तळाला गंज आणि गाळ. इतकी वर्षं हेच फिरत होतं! नवा बसेपर्यंत सगळं बंद. आईला यातलं काही कळू देऊ नकोस."

पाठवलं, फोनचा आवाज बंद केला, तो गाडीच्या कप्प्यात ठेवला आणि जुनं गॅस्केट, म्हणजे पंपाच्या जोडावर चिकटलेला कागदी थर, खरवडायला घेतलं. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. करंगळीने उघडला होता तो मेहुण्याचा नव्हे, इमारतीचा ग्रुप.

पुढचा तासभर मी सुखात होतो. इमारतीत काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं.

संदेश वाचून इमारतीत दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाने "नवा बसेपर्यंत सगळं बंद" हे शब्द धरले आणि पाणी भरायला सुरुवात केली. या पक्षाचे पुढारी तिसऱ्या मजल्यावरचे गणिताचे सर. त्यांनी माणशी किती लिटर लागेल त्याचा हिशेब मांडला, उत्तर दुप्पट केलं आणि घरातलं प्रत्येक भांडं भरलं. भांडी संपल्यावर मुलाच्या पोहायच्या रबरी हौदात हवा भरली आणि तोही भरला. दुसऱ्या पक्षाने "हिरवं पाणी" हे शब्द धरले. त्यांनी घरात साठवलेलं सगळं पाणी मोरीत ओतलं आणि नळ पूर्ण सोडून ठेवले, पाइपातलं वाईट पाणी निघून जावं म्हणून. या पक्षाच्या पुढारी पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. त्यांचा दवाखाना घरातच आहे. खुर्चीत एक गृहस्थ तोंडात दात भरायचा मसाला घेऊन बसले होते, त्यांना चूळ भरायला मनाई झाली.

म्हणजे अर्धी इमारत पाणी भरत होती आणि अर्धी ओतत होती. गच्चीवरची टाकी बिचारी दोघांनाही पुरवत होती. ती रिकामी होऊ लागली तसा इमारतीचा खरा पंप आपोआप सुरू झाला आणि त्याने जमिनीखालची टाकी उपसायला घेतली. ही खालची टाकी पहाटे एकदाच भरते. अकरा वाजता तिचा तळ लागला. पंप थोडा वेळ कोरडाच फिरला, तापला आणि बंद पडला.

पंप खरंच बंद पडल्यावर माझ्या संदेशाबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

तिकडे हॉस्पिटलमध्ये बायकोनेही तो वाचला. आईच्या पलंगाशेजारी बसूनच. तिच्या चेहऱ्यावरून आईने ओळखलं आणि चष्मा मागितला. वाचून झाल्यावर ती म्हणे एवढंच म्हणाली, "हा मला न कळवता काय करतोय, ते मला आधी कळलं पाहिजे." बायकोने मला नऊ वेळा फोन केला. फोन कप्प्यात होता, मी बॉनेटमध्ये.

सव्वाअकराला पावलं ऐकू आली म्हणून मी डोकं वर काढलं. पंधरा-वीस जण गाडीभोवती उभे होते. पुढे आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष. यांना सगळे सिस्टर म्हणतात, कारण निवृत्त होईपर्यंत त्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख होत्या. त्यांच्यासमोर भलेभले सर्जन हात पुन्हा धुऊन यायचे, असं त्या स्वतः सांगत नाहीत, पण त्यांच्याकडे पाहून पटतं.

"पंप कुठे आहे?" सिस्टरनी विचारलं.

मला वाटलं, शेजारी कौतुकाने बघायला आले आहेत. मी बाजूला ठेवलेला पंप उचलून पुढे केला.

"हा?"

"हाच. पुली हलवून बघा ना, किती खुळखुळतेय."

गणिताच्या सरांनी तो वजन केल्यासारखा तोलून पाहिला. "एवढासा पंप चार मजले चढवत होता?"

सर थट्टा करताहेत असं समजून मी हसलो. "चार मजल्यांचं काय घेऊन बसलात सर, याने आख्खा घाट चढवलाय."

सर मागे सरकले. सिस्टरनी विचारलं, हा कुणाच्या परवानगीने काढला? मी म्हणालो, बायकोच्या. कमिटीला का विचारलं नाही? मी म्हणालो, यात कमिटीचा काय संबंध? माझ्या या उत्तराने मागच्या रांगेत जो आवाज उठला तो कौतुकाचा नव्हता, एवढं मला कळलं. पण का, ते कळेना. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचं लक्ष टबाकडे गेलं.

"हे... हे पाणी पंपातून निघालं?"

"हो, सगळं."

"आणि हे आम्ही पीत होतो?"

"छे छे, तोंडात थेंबही घालू नका," मी घाईने म्हणालो. "विषारी असतं ते."

डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसल्या.

शेवटी सिस्टरनी आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. मी माझाच संदेश वाचला. मग त्यावरचं ग्रुपचं नाव वाचलं. मग पुन्हा संदेश. अंगातला सगळा उत्साह टबातल्या गाळासारखा तळाशी गेला. मी खुलासा केला. गाडीचा पंप, मेहुणा, करंगळी, आई, चार वाजता, गुडघा. माझ्याही कानांना तो खुलासा फारसा पटण्यासारखा वाटत नव्हता.

एवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, की नळाला आता नुसती हवा येतेय.

सिस्टरनी दोन मिनिटांत कामं वाटली. सरांनी इमारतीच्या पंपाच्या मिस्त्रीला फोन लावायचा. डॉक्टरांनी तोंडात मसाला असलेल्या गृहस्थांना समोरच्या दुकानात नेऊन चूळ भरवायची. मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता राजीनामा मागतात.

"आईंना चारला सोडणार ना? मग हात का थांबलेत?"

त्यांनी साडीचा पदर खोचला आणि पान्यांची पेटी आपल्याकडे ओढली.

तुम्हाला म्हणून सांगतो, ऑपरेशन थिएटरची सिस्टर शेजारी उभी असताना गाडी दुरुस्त करण्यासारखं दुसरं सुख नाही आणि दुसरी भीतीही नाही. मी हात पुढे केला की हवा तो पाना तळहातावर टपकन पडायचा. दहाचा की बाराचा हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मला अजून चाचपावं लागत होतं. गॅस्केटचे जुने तुकडे खरवडताना एक कण इंजिनच्या तोंडाकडे गेला तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि चिमट्याने तो कण उचलला. नळ कोरडे, आणि ज्यांनी पाणी भरून ठेवलं होतं तेही त्याला हात लावीनात, त्यामुळे ना आंघोळ, ना धुणं, ना स्वयंपाक. सगळी इमारत खाली येऊन बघत होती. काहीजणांनी खुर्च्या आणल्या. सल्लेही येऊ लागले, पण सिस्टरनी एकदा वळून पाहिलं आणि ते थांबले.

नवा पंप बसवला. पुठ्ठ्यावरचे बोल्ट एकेक करून लावले, सगळीकडून सारखे आवळत आणले. मी पट्ट्याला हात घालणार, तोच सिस्टर म्हणाल्या, "थांबा. मोजणी."

"कसली?"

"बंद करण्याआधी मोजायचं असतं. काढले किती?"

"सात."

"लावले किती?"

मी मोजले. सहा. पुन्हा मोजले. तेव्हाही सहाच. पुठ्ठ्यावर सातव्या जागेचं भोक फाटून मोठं झालं होतं आणि बोल्ट त्यातून निसटला होता. माझ्या सुबक आकृतीकडे बघवेना. आम्ही इंजिनात, गाडीखाली, दगडांत, खुर्च्यांखाली शोधलं. मी म्हणालो, एका बोल्टाने काय बिघडतंय? सिस्टरनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आयुष्यात दुसऱ्यांदा झेलू शकणार नाही. त्या म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावरून मोजणी चुकलेला एकही माणूस बाहेर गेलेला नाही, आणि तुमच्या आई ज्या गाडीत बसणार आहेत ती तर नाहीच नाही. मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून रबरी हातमोजे मागवले, कोपरापर्यंत चढवले आणि त्या हिरव्या पाण्यात हात घातला. तळाच्या गाळात थोडा वेळ चाचपलं. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांत बोल्ट होता.

सातवा बोल्ट लागला. पट्टा चढला, पंखा, नळ्या, सगळं जागेवर. तीन वाजायला दहा मिनिटं होती. आता रेडिएटरमध्ये तीन लिटर कूलंट आणि तीन लिटर पाणी ओतलं की झालं!

तीन लिटर पाणी.

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच कृपेने बावीस घरांत नळाला थेंब नव्हता, आणि समोरच्या दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या इमारतीने केव्हाच संपवल्या होत्या. ओतणाऱ्या पक्षाकडे काहीच उरलं नव्हतं आणि भरणाऱ्या पक्षाने इतक्या कष्टाने भरलेलं पाणी माझ्या गाडीत ओतायचं, हे माझ्याही तोंडून निघेना. गणिताचे सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग जिना चढून गेले. मला वाटलं, रागावले. पण ते परत आले ते शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं रेघा मारलेलं भांडं घेऊन, आणि त्यात काठोकाठ पाणी होतं. तीन फेऱ्या केल्या त्यांनी. प्रत्येक वेळी बरोबर एक लिटर, रेघेला रेघ. पाण्याला किंचित रबराचा वास होता, पण रेडिएटरला कसलं नाक!

इंजिन सुरू केलं. काटा हळूहळू चढू लागला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला. कप्प्यातून फोन काढून मेहुण्याला लावला. तो म्हणाला, आत हवा अडकली असेल; हीटर पूर्ण सोडा, वरची नळी दाबत राहा. मी आत बसून काटा बघत होतो, सिस्टर नळी दाबत होत्या, अगदी एखाद्याची नाडी बघावी तशा. रेडिएटरच्या तोंडाशी दोन मोठे बुडबुडे आले. पाणी खाली गेलं. सरांनी न सांगता उरलेलं ओतलं. काटा जरा थरथरला आणि मध्यावर येऊन स्थिर झाला.

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. ज्यांची आंघोळ माझ्यामुळे हुकली होती, त्यांनीही वाजवल्या.

मी कपडे न बदलताच निघालो. सिस्टर मागच्या सीटवर येऊन बसल्या, कारण ऑपरेशन झालेला गुडघा गाडीत कसा ठेवायचा हे मला कळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. चारला पाच कमी असताना आम्ही पोहोचलो. वाटेत काटा हलला नाही. मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहत होतो, म्हणून सिस्टरनी दोनदा खांद्यावर चापट मारली. आई चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली. सिस्टरनी तिला धरून वळवलं, बसवलं, पाय उचलून अलगद आत ठेवला. पाय सरळ, पाठीला उशी. आईने समाधानाने मान टेकवली. मग माझ्या हातांकडे, शर्टाकडे, केसांकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "ऑपरेशन माझं झालं की याचं?"

बायको घरी पोहोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत हसत होती.

तुम्ही म्हणाल, इथे गोष्ट संपायला हवी. पण दुपारी आलेल्या पंपाच्या मिस्त्रीने खालच्या टाकीत उतरून बॅटरी मारली होती. टाकी इतकी कोरडी अकरा वर्षांत प्रथमच झाली होती, आणि तळाशी वीतभर हिरवट गाळ साचला होता. इमारतीचा पंपही त्याने उघडला. त्याचं बेअरिंग झिजून आत गंज धरला होता. मिस्त्री म्हणाला, महिन्याभरात हा जळालाच असता, आणि इमारत चार-पाच दिवस पाण्याविना बसली असती. म्हणजे माझ्या संदेशातला शब्द न् शब्द खरा निघाला होता. फक्त तो मी लिहिला होता दुसऱ्याच पंपाबद्दल.

रविवारी सकाळी तातडीची सभा झाली. टाकी धुऊन झाली होती, पंपाला नवं बेअरिंग बसलं होतं, नळाला स्वच्छ पाणी आलं होतं, आणि लोक आंघोळ करून, भांग पाडून आले होते. दोन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिला: सचिवांच्या संदेशामुळे टाकीतील गाळ व पंपातील बिघाड वेळीच उघडकीस आला, त्याबद्दल सभा सचिवांची आभारी आहे. दुसरा: यापुढे सचिवांनी ग्रुपवर कोणताही संदेश अध्यक्षांना दाखवल्याशिवाय पाठवू नये.

सभेचा वृत्तांत सोसायटीच्या वहीत सचिवानेच लिहायचा असतो. त्याप्रमाणे मी तो लिहिला. पहिला ठराव मी नकाशावरची अक्षरं काढतो तशा ठळक, वळणदार अक्षरात घेतला आहे. दुसऱ्याच्या वेळी पेनातली शाई जरा फिकी येत होती. अगदीच वाचता येत नाही असं नाही. वही उजेडाकडे तिरकी धरली, तर लागतो.